पुण्याची लाडकी वास्तू कोणती? मत द्या, पण हात लावलेल्या इमारतीला

मुठाकाठ

परवा भाचीने एक लिंक पाठवली. ‘तुमच्या शहराची आवडती वास्तू निवडा.’ बारा फोटो, प्रत्येकाखाली एक बटण. सगळे फोटो ड्रोनने वरून काढलेले. इतकी वर्षं या गावात राहून मी एकही इमारत वरून पाहिलेली नाही, म्हणून बटण दाबायला बोट काही पुढे होईना. मी या इमारती पाहिल्या त्या रस्त्यावरून, पिशवी हातात धरून, मान वर करून. तेव्हा म्हटलं, आपणच आपल्यात मतदान घेऊ.

नियम साधे आहेत. एका आयडीचं एकच मत. पेठा, कॅम्प, उपनगरं सगळं चालेल. मात्र त्या वास्तूला तुमचा हात लागलेला असला पाहिजे, आणि ती का आवडते हे दोन ओळींत तरी लिहायला हवं. नुसतं नाव लिहिलं तर मोजणार नाही.

पहिलं मत माझं : महात्मा फुले मंडई.

पेठेतल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. दरवर्षी आठवीच्या मुलांना एका रविवारी सकाळी मंडईत न्यायचे, स्केचिंगला. मुलं हमखास मनोऱ्यापासून सुरुवात करायची आणि अर्ध्या तासात कागद संपायचा, खाली बाजाराला जागाच नाही. मग मी सांगायचे, आधी अष्टकोन पकडा. आठ बाजूंपैकी समोर उभं राहिल्यावर तीनच धड दिसतात, मधली सरळ आणि शेजारच्या दोन तिरप्या. त्या दोन तिरप्या बाजू जमल्या की इमारत कागदावर उभी राहते, नाहीतर डब्यासारखी चपटी दिसते. हे समजायला काही मुलांना वर्ष लागलं. मला स्वतःला दोन लागली.

१८८६ साली ही इमारत बांधून झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, त्यांच्यावरून नाव पडलं रे मार्केट. वासुदेव बापूजी कानिटकरांनी काम केलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. काळा दगड, टोकदार कमानी, मधोमध मनोरा, आणि त्या मनोऱ्याखाली मेथी-कोथिंबीर. चर्चसारखी दिसणारी इमारत भाजीसाठी बांधली, याचं मला अजून नवल वाटतं. जिथे रोज चिखल होणार, पाणी सांडणार, पालापाचोळा पडणार, तिथेही कमानीचा दगड नीट घडवलाच पाहिजे असं कुणाला तरी वाटलं होतं.

आता तुम्ही लिहा.

कसबेकर

ताई, धागा छान. पण पुण्यात वास्तू म्हटली की पहिलं नाव शनिवारवाडा. माझं मत तिथेच.

लहानपणी आमच्यात पैज लागायची, दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यापर्यंत कुणाचा हात पोचतो याची. हत्तीने कपाळाने धडक देऊ नये म्हणून ते खिळे आहेत हे आजोबांनी सांगितलं होतं, त्यामुळे हत्तीचं कपाळ केवढ्या उंचीवर असतं हे आम्हाला प्राणिसंग्रहालयात जाण्याआधीच माहीत होतं. खिळ्याला पहिल्यांदा बोट लागलं तो दिवस मला आठवतो. उन्हात तापलेलं होतं ते.

१० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. थोरल्या बाजीरावांचा वाडा. आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली ती विझेपर्यंत आतलं सगळं गेलेलं होतं. पाच दरवाजे, नऊ बुरूज, तटबंदी आणि आत जोती, एवढंच राहिलं. पण मी नातवाला घेऊन जातो तेव्हा त्या जोत्यांवरून त्याला चालवतो आणि म्हणतो, इथे दिवाणखाना होता, इथे कारंजं. तो विचारतो, भिंत कुठंय? मग आम्ही दोघं मिळून भिंत मनात बांधतो. असं घर बांधायला लावणारी दुसरी वास्तू मला माहीत नाही.

वास्तुरेखा

धागा वाचून राहवलं नाही. मी आर्किटेक्ट आहे, तेव्हा थोडं व्यवसायाचं बोलते.

कसबेकर काका, शनिवारवाड्यावर माझंही प्रेम आहे. पण तुम्ही लिहिलंत त्यातच माझी अडचण आहे. तिथे आपण आठवणीला मत देतो. उरलेल्यात खरी वास्तू म्हणून मला नगारखाना दिसतो, दिल्ली दरवाज्याच्या वरचा, तुळया-खांबांचा. तिथे उभं राहिलं की पेशवाई सुतारकाम काय होतं याची चव कळते. बाकी जोती.

म्हणून माझं मत विश्रामबागवाड्याला. १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा. कॉलेजात असताना आम्हाला त्याची दर्शनी बाजू मोजायला दिली होती. चार दिवस मी टेप घेऊन बाजीराव रस्त्याच्या त्या गर्दीत उभी. सुरूच्या झाडासारखे खांब, खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले. एकाच मापाचे असतील असं समजून मी एक मोजला आणि बाकीचे तसेच काढले. सरांनी परत पाठवलं. मोजले तर प्रत्येक खांब बोटभर इकडेतिकडे. सुताराने लाकूड बघून खांब केला होता, कागद बघून नाही. त्या दिवसापासून मी कुठलीच गोष्ट एकदा मोजून दहादा काढत नाही.

हात लावायचाच म्हणता तर आत शिरताना चौकटीचा कमरेच्या उंचीचा भाग चाचपून बघा. दोनशे वर्षांत जाता-येता टेकलेल्या माणसांनी तो गुळगुळीत केलाय. वरचा भाग अजून खरखरीत आहे.

सायकलवाली

विश्रामबागवाडा, +१. पत्र टाकायला आणि रजिस्ट्री करायला आजीबरोबर जायचे. पोस्टाच्या खळीचा वास आणि जुन्या सागवानाचा वास एकत्र येतो तो अख्ख्या पुण्यात फक्त तिथे.

पूर्वपुणे

आतापर्यंतची सगळी मतं लक्ष्मी रस्त्याच्या चालत्या अंतरावरची आहेत. कॅम्पही पुण्यातच आहे मंडळी, आणि आम्हीही पुणेकर.

माझं मत लाल देवळाला. ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७. लाल विटांचं म्हणून लोकांनीच त्याला लाल देऊळ म्हटलं. ज्यूंच्या प्रार्थनाघराला देऊळ म्हणणारं गाव हे आपलं, आणि मला या नावाचा फार अभिमान वाटतो. बांधणारे डेव्हिड ससून बगदादहून आलेले, त्यांची कबरही त्याच आवारात आहे. ससून हॉस्पिटलचं नावही त्यांचंच.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंपैकी, एक कुटुंब होतं. घरात आमच्यासारखंच मराठी बोलायचे. त्यांच्यातल्या आजींना शनिवारी सकाळी लाल देवळाच्या फाटकापर्यंत सोडायचं काम माझं. सब्बाथला त्या वाहनात बसायच्या नाहीत, म्हणून आम्ही चालत जायचो. फाटकाशी पोचलो की त्या हात सोडायच्या आणि मी तिथेच विटांच्या भिंतीला टेकून उभा राहायचो. लग्नं होऊन मुलं इस्राएलला गेली, शेवटी आजीही गेल्या. फाटकाबाहेरची ती भिंत अजून तशीच आहे.

मुठाकाठ

पूर्वपुणे, तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पुणे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे पेठाच येतात. लाल देवळाचं मत नोंदवलं. आजींची आठवण वाचून दोन मिनिटं थांबले.

जयशिवराय_११

शनिवारवाडा

पुणेरी_वाघ_०७

शनिवारवाडा

मस्तानी_महाल

शनिवारवाडा शनिवारवाडा शनिवारवाडा

तळजाई

वरची तीन मतं बघून लिहायला बसलो. तिन्ही आयडी आजच तयार झालेले आहेत. कुणीतरी धाग्याची लिंक ग्रुपवर टाकली असणार.

यात नवीन काही नाही. २००७ मध्ये जगातल्या सात नव्या आश्चर्यांचं मतदान झालं तेव्हा ताजमहालसाठी आपण सगळ्यांनी एसएमएस केले होते. माझ्या ऑफिसात एकेकाने वीस-वीस केले. फोनवरून कितीही वेळा मत देता येत होतं. ७ जुलैला लिस्बनमध्ये निकाल लागला, ताजमहाल सातांत आला, आम्ही पेढे वाटले. युनेस्कोने मात्र आधीच सांगून टाकलं होतं की या मोहिमेशी आमचा संबंध नाही. तेव्हा मला युनेस्कोचा राग आला होता. आता त्यांचं म्हणणं पटतं. ज्या देशात फोन जास्त, त्या देशातली वास्तू सुंदर, असा त्याचा अर्थ होत होता.

२०१३ मध्ये एका मराठी वाहिनीने महाराष्ट्राची सात आश्चर्यं निवडली, तेही मी आवडीने पाहिलं. अजिंठा, रायगड, दौलताबाद, लोणार, कास पठार, मुंबईचं सीएसटी आणि गोराईजवळचा पॅगोडा. आता सांगा, उल्केने पडलेलं विवर, फुलांचं पठार आणि रेल्वेचं स्टेशन यांच्यात डावंउजवं करायचं कसं? तरी त्या निमित्ताने आमच्या घरात महिनाभर याच गप्पा झाल्या आणि दिवाळीत आम्ही लोणार पाहून आलो. मतदानाचा खरा उपयोग मला एवढाच वाटतो. चार माणसं उठून तिथे जातात.

ताई, कारण न देणारी मतं मोजू नका. कसबेकर काकांचं एक मत या तिघांपेक्षा भारी आहे.

माझं मत नव्या पुलाला, म्हणजे छत्रपती शिवाजी पुलाला. पूल वास्तूत धरता ना? १९२३ चा, दगडी कमानींचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजी शनिवार पेठेत राहायची. पाणी चढत होतं तेव्हा तिने धाकट्या आत्याला कडेवर घेतलं आणि मोठ्या दोघांना पुढे घातलं, हातात देवाचा डबा. सामान सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर ती पहिल्यांदा नदीकडे आली आणि तिला पूल दिसला. ती सांगायची, ‘घर नव्हतं, दुकान नव्हतं, पण पूल जागेवर होता, म्हणजे गाव होतं.’ मी आजही त्यावरून जाताना कठड्याला हात लावतो.

कसबेकर

तळजाई, मनापासून आभार. शनिवारवाड्याला अशी मतं नकोत. पूल वास्तूच आहे, माझ्या मते.

मुठाकाठ

पूल धरला. विनाकारण मतं मोजलेली नाहीत. त्या तिघांपैकी कुणी परत येऊन आपली आठवण लिहिली तर आनंदाने मोजेन.

खडकमाळ

मुठाकाठ ताई, मंडईविषयी छान लिहिलंत, पण एक गोष्ट तुम्ही सोडलीत आणि ती सोडण्यासारखी नाही.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरलं तेव्हाही विरोधात मत देणारे ते एकटे. आणि त्यांना बांधकामातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते स्वतः ठेकेदार होते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याच्या धरणाचं काम, यात त्यांचा हात होता. दगड घडवायला किती मजूर लागतात आणि त्यांना काय मिळतं हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. अशा माणसाने नको म्हटलेली इमारत, आणि तिलाच त्यांचं नाव. टोकदार कमानींचं कौतुक करताना हे सांगायला हवं.

मुठाकाठ

खडकमाळ, हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. चूक झाली. खरं सांगायचं तर शाळेतही मी हे मुलांना सांगत नसे, कारण चित्राच्या तासाला हे कशाला असं वाटायचं. शेवटच्या चार-पाच वर्षांत सांगायला लागले. एकदा एका मुलीने विचारलं, मग बाई, शाळा बांधली असती तर ती पण अशीच सुंदर बांधली असती का? मला उत्तर देता आलं नाही.

जोतीरावांचं म्हणणं मला पटतं. त्या वेळच्या पुण्यात एका मुलीला शाळेत बसवणं हे कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मोठं काम होतं. पण इमारत झाली ती झाली, आणि पुढे तिच्यात कोण बसलं ते बघा. वाड्यात पेशवे राहिले, बंगल्यात साहेब राहिले. मंडईत मात्र पहिल्या दिवसापासून माळी, कुणबी, बागवान, भाजी विकणाऱ्या बाया. सगळ्यात जास्त घडवलेला दगड या गावाने त्यांच्या डोक्यावर उभा केला. नाव देताना हे नाव दिलं गेलं ते मला योग्य वाटतं. त्यांचा विरोध लपवून मात्र द्यायला नको होतं, आणि मीही लपवायला नको होता.

खडकमाळ

मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. माझंही मत मंडईलाच आहे, म्हणून तर आधी हे सांगायचं होतं. वडील तिथल्या ‘मंडई विद्यापीठा’त तयार झालेले. टिळकांचा पुतळा १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते तिथे बसला, त्या पुतळ्याजवळ संध्याकाळी जी चर्चा व्हायची त्यातून त्यांना वर्तमानपत्र वाचायची सवय लागली. शाळा चौथीपर्यंतच झाली होती त्यांची. हात लावल्याचं म्हणाल तर त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर मी झोपलेलो आहे, वडिलांची चर्चा संपेना म्हणून.

विंगेतला

बालगंधर्व रंगमंदिर. मी तिथे तीसेक वर्षं प्रकाशयोजनेचं काम केलं, दौऱ्यावरच्या नाटकांबरोबर.

तुम्ही सगळे दगड-लाकडाबद्दल लिहिता. माझी वास्तू सिमेंटची आहे आणि २६ जून १९६८ ला सुरू झाली, म्हणजे माझ्या मोठ्या भावापेक्षा लहान. पण पुलंनी त्यात जीव ओतला होता, आणि कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हातची. नट मेकअप करून रंगमंचावर येतो तेव्हा त्याला अंधारात जो कठडा हाताला लागतो, तो मला डोळे मिटून सांगता येईल. रसिकांना पडदा दिसतो, आम्हाला पडद्याची मागची बाजू. तिथे शिवणीला शिवण आहे. किती वेळा उसवला, किती वेळा शिवला.

गेली काही वर्षं ते पाडून नवं संकुल बांधायचं की नाही यावर बोलणं चालू आहे. म्हणून विचारतो, हे मत देऊन काय होणार? कुणाला दाखवणार आपण हा धागा?

वास्तुरेखा

विंगेतला, तुमचा प्रश्न खरा आहे. मताने इमारत वाचत नाही. पण एक उदाहरण पुण्यातलंच आहे. १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत जळाला, त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही काही भाग गेला. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागवाड्यासाठी मात्र लोकांनी वर्गणी काढली आणि जळलेला भाग उभा केला. पेशवाई जाऊन साठ वर्षं झाली होती, वाड्यात कुणी पेशवा राहणार नव्हता, तरी लोकांनी खिशातले पैसे दिले. आज मी ज्या दर्शनी बाजूचं कौतुक केलं ती त्या वर्गणीमुळे आहे. मी मोजलेल्या खांबांपैकी मूळचे कुठले आणि वर्गणीतले कुठले, हा प्रश्न तेव्हा विचारायचं मला सुचलं नाही. आता पुन्हा जाऊन बघणार आहे.

विंगेतला

वर्गणीचं माहीत नव्हतं. बालगंधर्वसाठी कुणी डबा फिरवला तर पहिले पैसे माझे.

परदेशी_पाखरू

मी गेली बावीस वर्षं भारताबाहेर आहे, त्यामुळे मत देण्याचा हक्क आहे की नाही माहीत नाही. आणि मला द्यायचं आहे ते मत तुमच्या नियमात बसणार नाही. माझी लाडकी वास्तू आता नाही.

नारायण पेठेतला आमचा वाडा. प्रसिद्ध वगैरे काही नाही, अकरा बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात हौद आणि तुळस. जिन्याला कठडा नव्हता, एक जाड दोर होता वरून खाली सोडलेला, तो धरून चढायचं. दोराला दर हातभर अंतरावर गाठ. माझा हात लहान होता तेव्हा गाठीपासून गाठीपर्यंत पोचायचा नाही, मग मधेच थांबून पुन्हा पकडायचं. ज्या वर्षी एका झेपेत पोचला त्या वर्षी मी आईला हाका मारून जिन्यात बोलावलं होतं.

वाडा पाडला तेव्हा मी इथे होतो. बिल्डरने सगळ्यांना फ्लॅट दिले, कुणाची तक्रार नाही, आईला आता लिफ्ट आहे आणि तिचे गुडघे बघता ते चांगलंच झालं. फक्त तो दोर कुणी ठेवला नाही.

मुठाकाठ

पाखरू, हक्क आहेच. हात लागलाय ना तुमचा, आणि लागल्याचं इतकं नेमकं सांगितलंत. पडलेल्या वास्तूंसाठी वेगळा रकाना करते. पहिली नोंद : नारायण पेठेतला वाडा, दोराचा जिना.

आमच्या वाड्यातही दोर होता. तोही कुणी ठेवला नाही.

निंबोणी

मी इथे नुसती वाचते, लिहित नाही. पण मंडईचं एवढं वाचल्यावर लिहावंसं वाटलं.

माझ्या आईचा मंडईत गाळा होता. पालेभाज्या. पहाटे चारला उठून ती गुलटेकडीला जायची, माल टेम्पोत टाकून सहाच्या आत गाळ्यावर. शाळा दुपारची असायची तेव्हा मी सकाळी तिच्याबरोबर. ओट्याखाली बारदान टाकून त्यावर बसून गृहपाठ करायचे. थंडीत दगड इतका गार असायचा की बारदानातून वर यायचा. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम हिरवट काळं, मेथीच्या जुड्या सोडून सोडून. अजून तसंच आहे, धंदा बंद करून आठ वर्षं झाली तरी.

मुठाकाठ ताई, मी मनोरा कधी पाहिलाच नव्हता. खरंच सांगते. आत बसणाऱ्याला तो दिसत नाही, आणि येता-जाता डोक्यावर पाटी असली की मान वर होत नाही. वीस वर्षांची असताना बाबू गेनू चौकाकडून एका मैत्रिणीबरोबर येत होते, ती म्हणाली काय सुंदर इमारत आहे गं. मी विचारलं कुठली?

तुमच्या शाळेची मुलं रविवारी यायची ती मला आठवतात. वही घेऊन फुटपाथवर बसायची. आई म्हणायची, बाजूला सरका रे बाळांनो, पाय पडेल कुणाचा.

माझं मत मंडईला नाही. माझं मत पाताळेश्वराला. दुपारी माल संपला आणि पैसे बरे आले असले तर आई मला बसने जंगली महाराज रस्त्याला न्यायची. पायऱ्या उतरून खाली गेलं की रस्त्याचा आवाज अर्धा होतो. तो गोल नंदीमंडप आहे ना, त्याच्या खांबाला पाठ लावून ती पाय पसरून बसायची, चपला काढून. अर्धा तास, कधी तास. काही बोलायची नाही. तिकीट नाही, काही विकत घ्यायला लागत नाही, उठ म्हणणारं कुणी नाही. आणि तिथे आईला कुणी ‘भाव काय’ विचारत नव्हतं. कोरताना मधेच सोडून दिलेलं लेणं आहे, गाभाऱ्याच्या भिंती काही ठिकाणी नुसत्या टाकीच्या घावांच्या आहेत. त्या घावांवरून मी बोट फिरवत बसायचे. हाताला लागलेली वास्तू म्हणाल तर ती.

वास्तुरेखा

निंबोणी, लेणं चालेल का असं कुणी विचारण्याआधीच सांगते, चालेल. आठव्या शतकातलं काम, राष्ट्रकूटांच्या काळातलं, एकाच कातळातून. बांधलेल्या वास्तूत वर भर घालत जातात, इथे काढून घेत गेलेत. नंदीमंडपाचे खांब आणि छप्पर वेगळे आणून बसवलेले नाहीत, भोवतीचा दगड काढल्यावर उरलेले आहेत. तुमची आई ज्या खांबाला टेकायची तो जमिनीतूनच वर आलेला आहे.

कसबेकर

बेटा निंबोणी, तुझ्या आईकडून आमच्या घरी भाजी आली असेल. आमची सौ. चाळीस वर्षं मंडईतूनच आणायची. तुझं लिहिणं तिला वाचून दाखवलं. ती विचारते, गाळा कोणत्या बाजूला होता?

निंबोणी

काका, टिळक पुतळ्याकडून आत शिरलं की डाव्या हाताला, तिसऱ्या कमानीखाली. काकूंना नमस्कार सांगा.

मुठाकाठ

निंबोणी, तुझी पोस्ट वाचल्यापासून मन लागत नव्हतं. सत्तावीस वर्षं मी मुलांना बाहेर फुटपाथवर बसवून मनोरा काढायला लावला. एकदाही त्यांना आत नेऊन म्हटलं नाही की ओट्याखालून ही इमारत कशी दिसते ते काढा.

आज सकाळी मेट्रोने गेले. स्टेशनमधून वर आले ती थेट आत, मान वर न करता. डावीकडची तिसरी कमान. तिथे आता एक मावशी लसूण आणि आलं घेऊन बसतात. त्यांना विचारून त्यांच्या ओट्याजवळ खाली बसले, पिशवी अंथरून. तिथून छप्पर दिसत नाही, कमानीचा फक्त खालचा दगड दिसतो, जिथून ती वर वळायला लागते. तो कोपरा गुळगुळीत झालाय, खांद्याच्या उंचीवर. मावशी म्हणाल्या, पाटी उतरवताना इथेच टेकतात सगळे. तेवढंच चित्र काढून आणलं. अष्टकोन नाही, मनोरा नाही. उद्या स्कॅन करून टाकते.

आतापर्यंतची मोजणी : मंडई २, विश्रामबागवाडा २, शनिवारवाडा १, लाल देऊळ १, नवा पूल १, बालगंधर्व १, पाताळेश्वर १. पडलेल्या वास्तूंमध्ये नारायण पेठेतला वाडा १.

तळजाई

चित्राची वाट बघतोय. निंबोणी, आईंना विचारलंत का त्यांचं मत?

निंबोणी

विचारलं नव्हतं. काल रात्री हा सगळा धागा तिला वाचून दाखवला, अगदी पहिल्यापासून. फुल्यांचं आलं तेव्हा म्हणाली, बरोबरच होतं त्यांचं, मला शाळेत घातलं असतं तर मी कशाला बसले असते तिथे. मग पाताळेश्वरापर्यंत आले तेव्हा हसली. मला वाटलं तीही तेच सांगेल.

ती म्हणाली, मंडई लिही. मी म्हटलं, अगं तुला तर तिथे उसंतच मिळायची नाही. तर म्हणाली, ‘लग्नाआधी मी चार वर्षं रस्त्यावर बसून विकलंय. पाऊस आला की ताडपत्री माझ्यावर की भाजीवर, एवढाच प्रश्न. मंडईत आले तेव्हापासून माझी एक जुडी भिजली नाही.’

तिला आयडी नाही. एका आयडीचं एक मत हा नियम आहे, तेव्हा चालेल का ते सांगा.

मुठाकाठ

नोंदवलं. मंडई ३.